नैवेद्याचा पाव आणि लाझारोसांचे नाक

बायको एवान्थिया गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात लाझारोस जे बोलून गेले, ते त्यांनी मनातल्या मनात म्हटले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण माणूस दुःखात असला की त्याला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. त्यात लाझारोस जमीन नोंदणी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. जन्मभर जाळीच्या खिडकीतून कमी ऐकू येणाऱ्या शेतकऱ्यांशी बोललेले. ते कुजबुजले तरी आमच्या कास्तोरिया गावच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाई.

घडले ते असे. चाळिसाव्याला नैवेद्याचा पाव झिसिस बेकरीवाल्याकडून आणला होता. हा पाव म्हणजे न्याहारीचा पाव नव्हे. गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, याखेरीज त्यात काही घालायचे नाही. वर कोरीव लाकडी शिक्क्याने ख्रिस्ताच्या नावाची अक्षरे उमटवायची. वेदीवर तो कापला जातो तेव्हा गेलेल्या माणसाचे नाव घेतले जाते. झिसिसच्या पावावर शिक्क्याच्या बरोबर मधून तडा गेला होता. पाद्रीबाबांनी तो अंगठ्याखाली झाकायचा प्रयत्न केला, पण आमच्या गावातल्या बायकांना असला तडा बंद पाकिटातूनही दिसतो. शेजारच्या कालिओपीबाई या एवान्थियाच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण. त्या हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाल्या, "बिचारी एवान्थिया! असला पाव तिनं कोंबड्यांपुढेसुद्धा टाकला नसता."

तो तडा लाझारोसांच्या काळजात गेला.

"वर्षश्राद्धाचा पाव मी मळणार," ते म्हणाले. "माझ्या हातानं."

अंगण एकदम गप्प झाले. ही शांतता आदराची आहे असे लाझारोसांना वाटले. ती आदराची नव्हती.

तसे त्यांना स्वयंपाकघरातले काय येत होते? कॉफी. तीही उतू जायची. पण पावातले अवघड काम म्हणजे शिक्का, असा त्यांचा प्रामाणिक समज होता, आणि शिक्का मारण्यात त्यांचा हात धरणारा सबंध जिल्ह्यात कोणी नव्हता. राहता राहिले पीठ आणि पाणी. ते तर शेंबडी पोरेही कालवतात.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी अंगणात सांगितली नाही. एवान्थियाच्या पावाशी त्यांचे जुने वाकडे होते. दर शनिवारी सकाळी आंघोळ करून, डोक्याला रुमाल बांधून, देवापुढचा दिवा उजळून ती पाव मळायला बसायची आणि बसण्याआधी नवऱ्याला घराबाहेर काढायची. "जा हो, कॉफीच्या दुकानात जाऊन बसा. हा पाव मौनात मळायचा असतो. घरात पुरुषमाणूस चालत नाही." बर्फ पडत असो नाहीतर अंगात कणकण असो, शनिवार चुकला नाही. दुपारी परत यावे तर झाडून साऱ्या खिडक्या सताड उघड्या, फरशी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढलेली आणि तळ्यावरचे धुके पाहुण्यासारखे सोफ्यावर येऊन बसलेले. ऐन जानेवारीत! लाझारोस कोट न काढता जेवायचे. "हे घर आहे की मासळीबाजार?" असे विचारायचे. ती म्हणायची, "पावाचा वास कोंडतो." वास कोंडून आजवर कोणी मेले आहे काय? पण देवाधर्माच्या बाबतीत बायकोशी वाद घालू नये म्हणून ते एक अक्षर बोलत नसत. म्हणजे जेवण होईपर्यंत बोलत, मग झोपत.

आता ती नव्हती. खिडक्या बंद होत्या, घर ऊबदार होते, आणि त्या उबेत लाझारोसांना बसवत नव्हते. म्हणून हा पाव. घरातल्या ज्या कामापासून तिने आपल्याला जन्मभर लांब ठेवले, ते एकदा तरी तिच्यासाठी करावे. तिचे नाव परक्याच्या तडकलेल्या पावावर घेतले जाऊ नये, आपल्या हातच्या पावावर घेतले जावे. इच्छा म्हणाल तर एवढीच.

वर्षश्राद्धाला महिना उरला तेव्हा त्यांनी सराव सुरू केला. सगळे नेमाने केले. आंघोळ केली, उपाशी राहिले, दिवा लावला, धूप फिरवला, एवान्थियाचा रुमाल डोक्याला बांधला. भिंतीवरच्या देवमातेच्या तसबिरीला नमस्कार करून काथवट पुढे ओढली, पीठ चाळणीत घेतले आणि चाळण दोनदा हलवली.

पहिली शिंक तिथे आली.

नैवेद्याच्या पिठावर शिंकल्यावर ते पीठ देवाला कसे चालायचे? ते बाजूला काढून त्यांनी नवे घेतले. पुन्हा शिंक. मग नाकाला फडके बांधून नवे पीठ घेतले, तर शिंका आल्या त्या फडक्यासकट. आपल्याला सर्दी झाली आहे असे ठरवून त्यांनी तशाच स्थितीत पाणी ओतले आणि हात घातले. मनगटापर्यंत लालबुंद गांधी उठल्या. डोळे असे सुजले की समोरच्या घड्याळाचे काटे दिसेनात. प्रार्थना पुटपुटत मळायचे म्हणून त्यांनी "प्रभू, दया कर" सुरू केले होते. ते आता रीत म्हणून नाही, खऱ्याखुऱ्या गरजेने चालू झाले.

हवा हवी म्हणून त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढले, तेव्हा कालिओपीबाई वाळत घातलेले कपडे काढत होत्या.

"अगं बाई! भाऊजी, कोणी मारलं तुम्हाला?"

"कोणी नाही. पाव मळतोय."

"असा?"

कालिओपीबाई चिमटे तोंडात धरून तशाच आल्या. त्यांनी लाझारोसांना खुर्चीत बसवले, वाटीत पाणी घेतले आणि पुटपुटत तेलाचा थेंब सोडला. थेंब तरंगायला हवा, तो बुडाला. दुसरा बुडाला. बाईंना जांभयांवर जांभया यायला लागल्या, डोळ्यांना पाणी आले.

"दृष्ट लागली आहे. जबरदस्त दृष्ट! पण भाऊजी, मला एक कळत नाही."

"काय?"

"तुमच्याकडे बघून कोणी जळावं असं आहे तरी काय?"

लाझारोसांनी आतल्या आत स्वतःचा आढावा घेतला. निवृत्त, विधुर, डोक्याला बायकोचा रुमाल, नाक गळते. त्यांना उत्तर सुचले नाही, आणि हे न सुचणे त्यांना गांधींपेक्षा जास्त झोंबले.

पुढच्या शनिवारी बनियनला दृष्टीचा निळा मणी टाचून ते पुन्हा बसले. या खेपेला शिंकांबरोबर छातीतून शिटीही यायला लागली. तरी त्यांनी माघार घेतली नाही. भट्टीतून जे बाहेर आले त्याला पाव म्हणायला मोठे मन लागते. शिक्का मात्र सुरेख उठला होता. कालिओपीबाईंनी तो पाव पाहिला, लाझारोसांचे हात पाहिले आणि त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. कालिओपीबाई जवळ बसल्या की आता काहीतरी वाईट ऐकायला मिळणार हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे.

"भाऊजी, राग मानू नका. नुसती दृष्ट असती तर उतरली असती. माझी आजी सांगायची, मनात काही न सांगितलेलं असलं ना, की देवाचा पाव हाताला डसतो."

"माझ्या मनात काही नाही."

"नसेलच. मी कुठं म्हणते आहे म्हणून? पण इतकी वर्षं जमिनीच्या कचेरीत काढलीत..." एवढे बोलून त्या उठल्या. वाक्य अर्धे ठेवून उठण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. उरलेले अर्धे संध्याकाळपर्यंत गावाने पुरे केले.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात लाझारोस शिरले तर बोलणी थांबली. मग आर्गिरिस आपला पेला उचलून त्यांच्या टेबलावर आला. आर्गिरिसचे एक अक्रोडाचे झाड होते, आणि त्या झाडापायी त्याने अर्धे आयुष्य कचेरीत घालवले होते.

"लाझारोस, आता देवानंच बोट दाखवलंय, तर सांगून टाक. माझा अक्रोड कुणाच्या हद्दीत?"

"तुझ्या शेजाऱ्याच्या. तेव्हाही होता, आताही आहे."

"हात बघ तुझा. आणखी सुजला."

"सुजला नाही. तो तसाच आहे."

"बघा रे, सुजला की नाही?"

दुकानातल्या सगळ्यांनी हात पाहिला. मतदान झाले असते तर लाझारोस हरले असते. त्या आठवड्यात कोणी विहिरीसाठी आले, कोणी द्राक्षमळ्याच्या पट्टीसाठी. एक म्हातारी तर आपले गाव सोडून बसने आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही कबूल करताय असं ऐकलं, म्हणून आले." ज्या माणसाने कचेरीत कोणाच्या घेवड्याच्या चार बिया खिशात टाकल्या नाहीत, त्याच्या दारात ही रांग! एवान्थिया असती तर तिने एकेकाला जिन्याखाली पोचवले असते. लाझारोसांनी म्हातारीला कॉफी दिली. ती उतू गेली होती.

शेवटी ते पाद्री स्तेर्गिओस यांच्याकडे पापाची कबुली द्यायला गेले.

"फादर, मी आयुष्यात एक खोटा शिक्का मारलेला नाही."

"बरं. मग काय केलंस?"

"शनिवारी बायकोशी भांडायचो. उघड्या खिडक्यांवरून. आणि चर्चच्या नियमावर चिडायचो."

"कुठल्या नियमावर?"

"पाव मळताना पुरुषानं घराबाहेर जायचं, त्या."

पाद्रीबाबांनी दाढीवरून हात फिरवला. आमच्या पंथात पाद्री संसारी असतात. "असा नियम आहे?"

"नाही?"

"आमच्याकडे बायको मळते तेव्हा चारही पोरं काथवटीत हात घालतात आणि मी तिथंच बसून प्रवचन लिहितो. असेल बाबा एखाद्या घरची रीत." मागे माणसे खोळंबली होती. पाद्रीबाबांनी लाझारोसांच्या डोक्यावर हात ठेवून क्षमेची प्रार्थना म्हटली आणि वर म्हणाले, "लाझारोस, प्रत्येक शिंक पापाची नसते. काही नाकाच्याही असतात. डॉक्टरला दाखव."

"मक्याच्या पिठाचा केला तर?"

"चालत नाही."

"तांदळाच्या?"

"गव्हाचाच लागतो. देवाची एक वेळ हरकत नसेल, बिशपसाहेबांची असेल."

डॉक्टरला दाखवायचे म्हणजे आधी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीपाशी उभे राहायचे. ॲलर्जीचा डॉक्टर मोठ्या शहरातून ठरावीक वारीच येतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला कारण लागते.

"त्रास कशानं होतो?" जाळीपलीकडच्या मुलीने विचारले.

"नैवेद्याच्या पावानं."

"खाल्ल्यावर?"

"मळल्यावर."

मुलीने संगणकाच्या पडद्यावरची यादी खालपर्यंत चाळली. "आजोबा, असा त्रास यात नाहीच. मळता ना तुम्ही? बेकरी कामगार लिहिते. नाहीतर तारीख निघणार नाही."

"पण मी बेकरी कामगार नाही."

"मग तारीख नाही."

लाझारोस जाळीच्या त्या बाजूला जन्मभर बसले होते. जाळीशी वाद घालून उपयोग नसतो, हे अर्ध्या जिल्ह्याला त्यांनीच शिकवले होते. "लिही," ते म्हणाले.

तारखेची वाट बघत हातावर हात धरून बसणे शक्य नव्हते, कारण वर्षश्राद्ध थांबणार नव्हते. झिसिस बेकरीवाल्याने त्यांना रस्त्यात गाठून सल्ला दिला. खरे तर त्या तडकलेल्या पावापासून तो तोंड चुकवत होता. पण लाझारोसांचा पाव पाहिल्यावर त्याला धीर आला होता. "साहेब, फर कापणारे लावतात तो मास्क लावा. त्यातून मांजराचा केस जात नाही, पीठ काय जाणार?" कास्तोरियात फरचे कारखाने गल्लोगल्ली, तेव्हा मास्क लगेच मिळाला. डोळ्यांसाठी लाझारोसांनी नातवाचा पोहायचा चष्मा काढला, त्याच्या काचांवर मासे छापलेले होते. हातांत भांडी घासायचे गुलाबी हातमोजे. डोक्याला अर्थातच रुमाल. देवापुढे या वेषात उभे राहताना त्यांना संकोच वाटला. पण देवाने याहून वाईट पाहिले असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मळणे ऐन रंगात आले असताना जर्मनीहून मुलीचा, लेमोनियाचा, फोन आला.

"बाबा, तुम्ही बेकरी काढलीत?"

"कोण म्हणतं?"

"कालिओपी मावशी. बाबा, विकत आणा ना पाव. आईला काय कळणार आहे?"

"कळेल."

"कसं कळेल?"

"तिला सगळं कळायचं," लाझारोस मास्कमधून म्हणाले.  पलीकडे मुलीने नाक ओढले. तिच्याकडे तर पीठ नव्हते.

फोन ठेवतात तोच दारावर टकटक झाली. दारात पिशवी घेतलेला एक तरुण उभा होता. तो पेन्शन कचेरीतून आला होता. एका खिडकीत लिहिलेले दुसऱ्या खिडकीत इतक्या वेगाने पोचते हे लाझारोसांनी आपल्या नोकरीत कधी पाहिले नव्हते.

"निवृत्तिवेतन घेऊन बेकरी चालवता, अशी माहिती आहे," तरुण म्हणाला आणि माशांच्या चष्म्याकडे पाहून एक पाऊल मागे सरला.

"ही बेकरी नाही."

"मग ते काय?" कपाटावर सरावाचे पाव ओळीने मांडले होते. देवाचे नाव उमटलेले, म्हणून टाकवत नव्हते.

"ते कोणी घेत नाही."

"गिऱ्हाईक नाही म्हणजे धंदा नाही, असं कायद्यात नाही." तरुणाने एक पाव उचलला, दाबून पाहिला. दबला नाही. टेबलावर हलकेच आपटून पाहिला. टेबल वाजले. त्याने तो पाव दोन्ही हातांनी जागच्या जागी ठेवला आणि त्याचा आवाज मऊ झाला. "तुम्ही हे विकत नाही, याबद्दल माझी खात्री झाली, काका."

खरे तर चौकशी मिटली होती. पण निवृत्त हेडक्लार्कला इतक्या वाईट तऱ्हेने आजवर कोणी निर्दोष सोडले नव्हते. त्यात मास्कच्या कडेने पीठ शिरलेच होते. तरुण जिना उतरेपर्यंत लाझारोस दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होते, आणि मागे काथवटीत कणीक सुकत होती. वर्षश्राद्धाला आठवडा उरला होता. त्या दिवशी ते पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, "एवान्थिया, मला जमत नाही गं."

डॉक्टर निघाली तरुण मुलगी. तिने त्यांच्या हाताच्या आतल्या बाजूला थेंब ठेवून बारीक टोचले, थोडा वेळ थांबली, आणि गव्हाच्या थेंबाखाली बघता बघता टपोरी गांधी उठली. आर्गिरिसने ती पाहिली असती तर अक्रोड जागीच मागितला असता.

"पाव खा, काही होणार नाही," ती म्हणाली. "भाजलेलं पीठ तुम्हाला त्रास देत नाही. हवेत उडतं ते कच्चं पीठ तुमचा वैरी. बेकरीवाल्यांना होतो हा आजार. पण हा महिन्याभरातला वाटत नाही. तरुणपणी शिंका यायच्या?"

"लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात सर्दी असायची. शनिवारी सुरू व्हायची. पुढे बरी झाली."

"आपोआप?"

"आपोआप."

"घरी पीठ कोण मळायचं?"

"बायको. शनिवारी."

"तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"कॉफीच्या दुकानात. ती मला बाहेर..." लाझारोस थांबले.

"आणि परत आल्यावर?" डॉक्टर मान खाली घालून लिहीत होती.

"खिडक्या उघड्या असायच्या," ते सावकाश म्हणाले. "फरशी ओली असायची."

"छान. हेच मी सांगणार होते. मळताना तुम्ही घरात थांबायचं नाही. मग खिडक्या उघडून पीठ बाहेर जाऊ द्यायचं. झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं." तिने मान वर केली. "तुम्हाला हे आधीच कोणीतरी सांगितलेलं दिसतंय."

"नाही," लाझारोस म्हणाले. "सांगितलं नव्हतं."

दवाखान्यातून ते तळ्याच्या काठाने चालत आले. धुके इतके होते की बदकांचा नुसता आवाज येत होता. घरी न जाता ते कालिओपीबाईंच्या दारात उभे राहिले.

"शनिवारी एवान्थिया खिडक्या का उघडायची?"

"आता हे काय मध्येच?"

"तुम्हाला माहीत आहे?"

कालिओपीबाईंनी पदरासारखा धरलेला एप्रन सोडला. "मी विचारलं होतं एकदा. बाहेर बर्फ पडत होता आणि ही बाई सगळं घर उघडं टाकून गुडघ्यांवर फरशी पुसत होती. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? तर म्हणाली, ते यायच्या आत पीठ घराबाहेर जायला हवं. मला वाटलं, तुमचा तो काळा कोट! कचेरीचा माणूस, पिठाचा डाग खपत नसणार. खरं सांगू भाऊजी? त्या कोटापायी मी इतकी वर्षं तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या."

"कोट नव्हता," लाझारोस म्हणाले. "नाक होतं."

त्यांनी डॉक्टरचे बोलणे सांगितले. कालिओपीबाई ऐकता ऐकता दाराच्या पायरीवरच बसल्या. दृष्ट, आजी, न सांगितलेले पाप, सगळे त्यांच्या तोंडावरून एकामागून एक उतरून गेले.

"पण मला का नाही सांगितलं तिनं?" लाझारोसांनी विचारले.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

लाझारोसांनी विचार केला. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. "म्हटलं असतं, बंद कर तो पाव."

"मग?" कालिओपीबाई म्हणाल्या. "तिला पावही सोडायचा नव्हता आणि तुम्हालाही. बसा जरा. डोळे सुजलेत तुमचे."

"पिठानं."

"हो, पिठानंच," त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

शनिवारी सकाळी कालिओपीबाई डोक्याला रुमाल बांधून एवान्थियाच्या स्वयंपाकघरात आल्या. दिवा लावला, काथवट पुढे ओढली आणि दाराकडे बोट केले. "भाऊजी, बाहेर."

लाझारोस कोट घालून निघाले. कॉफीच्या दुकानात त्यांची जुनी खुर्ची होती. इतकी वर्षे त्या खुर्चीत ते कुरकुरत बसले होते. आज त्यांनी कॉफी मागवली, ती तशीच गार झाली. थोड्या वेळाने कालिओपीबाईंनी पाठवलेल्या एका पोराने दुकानाच्या दारातून हाक मारली आणि ते घराच्या मागच्या बाजूला गेले. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीत कालिओपीबाईंनी मळलेला पाव ताटात ठेवून बाहेर धरला होता. शेजारी एवान्थियाचा लाकडी शिक्का.

"तेवढं तरी तुमच्या हातचं असू दे," त्या म्हणाल्या. "लवकर करा, मला थंडी वाजतेय."

लाझारोसांनी मास्क लावला, हातमोजे चढवले. धुक्यात, खिडकीबाहेर उभे राहून, त्यांनी शिक्का पावाच्या बरोबर मध्यावर टेकवला. जन्मभरात शिक्का मारताना त्यांनी कधी श्वास धरला नव्हता. आज धरला. दोन्ही तळव्यांनी दाबला, सरळ उचलला. अक्षरे उठली होती, एकही तिरके नाही. कालिओपीबाईंनी काडीने भोवताली टोचे मारले, म्हणजे हवा निघून जाईल आणि तडा जाणार नाही.

"आता पळा," त्या म्हणाल्या.

दुपारी ते परतले तेव्हा टेबलावर फडक्याखाली पाव होता, शेगडी धगधगत होती आणि खिडक्या घट्ट बंद होत्या. "गारठाल म्हणून लावून घेतल्या हो," कालिओपीबाई म्हणाल्या. लाझारोसांनी त्यांचे आभार मानले, त्यांना दारापर्यंत सोडले. मग मास्क लावून एकेक खिडकी उघडली. बादलीत पाणी आणि व्हिनेगर घेतले. गुडघ्यांवर बसून ते दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशी पुसत गेले. कमरेत कळ येत होती. हे दर शनिवारी करायचे, आणि वर नवऱ्याची बोलणी ऐकत जेवायला वाढायचे, हे किती जड असेल याचा त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचेतो नीट अंदाज आला.

रविवारी पाव वेदीवर गेला. तडा नव्हता. पाद्रीबाबांनी तो हातात धरून सगळ्यांना दिसेल असा थोडा फिरवला, अंगठा बाजूला ठेवून, आणि एवान्थियाचे नाव घेतले. बाहेर अंगणात आर्गिरिस लाझारोसांचा हात हातात घेऊन बारकाईने पाहत होता. "सूज उतरली," तो खिन्नपणे म्हणाला. "म्हणजे अक्रोड गेलाच म्हणायचा." लाझारोसांनी प्रसादाचा तुकडा तोंडात टाकला आणि शिंकेची वाट पाहिली. ती आली नाही. नुसताच पावाचा स्वाद होता, आणि तो कालिओपीबाईंच्या हातचा होता. एवान्थियाच्या पावात मीठ जरा जास्त असायचे.

पुढच्या शनिवारी तळ्यावर बर्फाचे पापुद्रे धरले. दुपारी कालिओपीबाई वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आल्या तर शेजारच्या घराच्या साऱ्या खिडक्या सताड उघड्या.

"भाऊजी!" त्यांनी हाक मारली. "आज कोण मळतंय?"

लाझारोस खिडकीत आले. ते नुकतेच कॉफीच्या दुकानातून परतले होते. "कोणी नाही."

"मग खिडक्या कशाला उघड्या?"

"शनिवार आहे," लाझारोस म्हणाले आणि कोटाची वरची गुंडी लावून जेवायला बसले.